नकाशाचे चार कोपरे

बाळांनो,

परवा तुम्ही पाठवलेला फोटो पाहिला. भोपळ्याचं फूल अगदी जवळून, आणि त्याच्या मागे तुमची सगळी बाग, कुंपण, शेजाऱ्यांचं लाल छप्पर. मी तुमच्या आईला फोनवर म्हटलं, फूल सुरेख आलंय, पण खालचा डावा कोपरा पुसट आहे. ती म्हणाली, "आई, पोरांनी हौसेनं पाठवलंय. तू कोपरे काय तपासतेस?"

तपासते. कोपरे तपासण्याचा मला एके काळी पगार मिळत होता, हे तुम्हाला कुणी सांगितलं नसावं. म्हणून लिहिते आहे. मराठी सोपं ठेवते. अडलं तर आईला मोठ्यानं वाचायला सांगा. मध्ये मध्ये हैदराबादी बोलणं येईल, ते तिला झकास जमतं.

ही गोष्ट हैदराबाद राज्य मोडलं त्या वर्षांतली. एका राज्याचे तीन भाग होऊन तीन राज्यांत गेले. मराठी जिल्हे एकीकडे, कानडी दुसरीकडे, आणि तेलुगू जिल्ह्यांबरोबर आमचं हे शहर. माणसांची वाटणी झाली, तशी कपाटांची, खुर्च्यांची, टंकयंत्रांचीही झाली. माझे वडील महसूल खात्यात होते. त्यांचं नाव मराठवाड्याकडे निघालं आणि ते पुढे निघून गेले. आई आणि मी काचीगुड्याच्या घरात मागे राहिलो, कारण मी नोकरीला लागले होते आणि हातातलं काम टाकून जाणार नव्हते.

नोकरी नारायणगुड्याला, दुकानांच्या ओळीमागच्या एका छोट्या कारखान्यात होती. तिथे मोजणीच्या दुर्बिणी आणि शाळांची सूक्ष्मदर्शकं दुरुस्त होत. मालक तेलुगू होते, इंग्लंडहून भिंगांचं गणित शिकून आलेले. त्यांना सगळे डॉक्टर म्हणत, पण त्यांनी कुणाची नाडी कधी पाहिली नव्हती. मी जामबागेतल्या शाळेतून पुढे कॉलेजात जाऊन गणित घेतलं होतं, म्हणून त्यांनी मला आकडेमोडीला ठेवलं. तिसरे उस्ताद. वयस्क, दाढी मेंदीनं रंगवलेली, पितळेवर हात बसलेला. काच घासण्यापासून नळीला आटे पाडण्यापर्यंत सगळं त्यांच्याकडे. ते मला बीबी म्हणत (डॉक्टर तेलुगू रिवाजानं अम्मा म्हणत) आणि माझ्या टेबलावरच्या हाताने फिरवायच्या हिशेबयंत्राला "बीबी की चक्की" म्हणत.

आमच्याकडे आलेलं काम असं होतं.

स्टेशनाजवळच्या एका दगडी इमारतीत जुन्या राज्याचे तालुक्यांचे नकाशे होते. कापडावर चिकटवलेले, हातानं रंगवलेले, एकेक जवळजवळ दरवाजाएवढा. ज्या तालुक्याची सगळी गावं एकाच राज्यात गेली, त्याचा नकाशा त्या राज्याला देऊन टाकला की झालं. पण काही तालुक्यांच्या मधूनच नवी सीमा गेली होती. चार गावं इकडे, दहा तिकडे. त्या नकाशांवर दोन्ही राज्यांनी हक्क सांगितला. दोन्ही बाजूंचं म्हणणं एकच, अस्सल आम्हाला हवा, नक्कल त्यांना द्या. हातानं काढलेली नक्कल कुणीच मानेना. वाटपाच्या कामावर बसवलेल्या साहेबांनी शेवटी निकाल दिला: दोघांना खरी वाटेल अशी फोटोची नक्कल करा, ती साक्षांकित करा, नाहीतर नकाशा सीमेवरून कापा आणि ज्याचा तुकडा त्यानं न्या.

हे नुसतं बोलणं नव्हतं. शिंप्याकडे असते तशी मोठी काळ्या मुठीची कात्री त्यांनी विकत आणवली होती आणि नकाशांच्या दालनात खिळ्याला टांगून ठेवली होती.

डॉक्टर पहिल्यांदा मला ते दालन दाखवायला घेऊन गेले तेव्हा दाराला दोन कुलपं होती. एक मराठवाड्याच्या सर्व्हेअरचं, एक तेलंगणाच्या. दोघं आल्याशिवाय दार उघडायचं नाही, आणि नकाशा दालनाबाहेर न्यायचा नाही, असा करार होता. रस्त्यात कुणी बदलला तर? दोघं गृहस्थ एकाच कचेरीत एकमेकांशेजारी बसून म्हातारे व्हायला आले होते. आता दालनाच्या दोन टोकांना दोन स्टुलं टाकून पहारा करत होते. जेवायची वेळ झाली की मात्र डबे मधल्या खिडकीत एकत्र उघडायचे.

"क्या रावसाब, आज भी भेंडी?" तेलंगणाचे विचारायचे.

"भेंडी आमच्या हद्दीतली आहे पटवारीसाब, हात लावू नका."

"अस्सल तुम रखो. नक्कल हमकू देओ," असं म्हणत ते अर्धी भाजी आपल्या डब्यात ओढून घ्यायचे.

त्या दालनात नकाशा टांगायची भिंत आणि समोरची दगडी मांडणी यांच्यात एवढीच जागा होती की मी भिंतीला पाठ लावून हात पुढे केला तर बोटं मांडणीला लागायला फार उरत नसे. मांडणी भिंतीतच बांधलेली, हलवायची सोय नाही. म्हणजे कॅमेरा नकाशाच्या अगदी नाकाशी ठेवायचा, आणि तरी चारही कोपरे एकाच काचेच्या प्लेटवर आले पाहिजेत. तुकड्या-तुकड्यानं फोटो घेऊन जोडून पाहिले होते. जोडावर रेघा केसभर सरकल्या, आणि सीमा नेमकी तिथूनच जात होती. दोघांपैकी एकानंही सही केली नाही.

इतकं रुंद पाहणारं भिंग डॉक्टरांकडे होतं. युद्धानंतर मोडीत निघालेल्या सामानात त्यांनी ते घेतलं होतं. विमानातून जमिनीचे फोटो काढायचं भिंग. आत काचेच्या चार खोलगट वाट्या, दोन पुढे, दोन मागे, एकमेकींकडे तोंड करून, मध्ये उजेड आत घेणारं छिद्र. वरून मैलोन्‌मैल प्रदेश ते कडेपर्यंत लखलखीत टिपायचं. पण त्यानं जन्मात जवळचं काही पाहिलंच नव्हतं. नकाशासमोर धरल्यावर मधला भाग स्वच्छ, आणि कोपऱ्यांकडे गावांची नावं ओल्या शाईसारखी फुटलेली.

घरी मी हे सांगितलं तेव्हा आई भाकरी थापत म्हणाली, "जवळचं दिसत नाही, एवढंच ना? मग चष्मा लावा म्हणावं त्याला."

डॉक्टरांनी चष्मा लावून पाहिला होता, म्हणजे पुढे एक जादा काच. मधलं आणखी सुधारलं, कोपरे आणखी बिघडले.

दुसरा उपाय तुम्हीही नकळत करता. लांबचं नीट दिसेना की डोळे बारीक करता ना? तसं भिंगाचं छिद्र बारीक केलं की कोपरे सुधारतात. पण मग उजेड कमी आत येतो आणि प्लेट फार वेळ उघडी ठेवावी लागते. तेवढ्या वेळात काचीगुडा स्टेशनात एखादं इंजिन डबे जोडायला धक्का मारायचंच. जमीन थरथरायची, कॅमेरा थरथरायचा, आणि सगळाच नकाशा हलायचा. मोठे दिवे लावायला दोन्ही सर्व्हेअर तयार नव्हते, रंग उडतील म्हणून. तेव्हा छिद्र मोठं ठेवूनच कोपरे स्वच्छ यायला हवे होते. म्हणजे भिंगच बदलायला हवं होतं.

आता माझं काम काय, ते सांगते. उजेडाचा एक किरण नकाशाच्या कोपऱ्यातून निघाला असं धरायचं. तो पहिल्या काचेवर कुठे आदळेल, किती वळेल, दुसऱ्या पृष्ठभागावर कुठे पोचेल, असं चार काचांच्या आठ पृष्ठभागांतून त्याला न्यायचं आणि शेवटी प्लेटवर कुठे पडतो ते काढायचं. हे सगळं कोष्टकं उघडून आणि चक्की फिरवून. याला आम्ही "किरण चालवणं" म्हणत असू. मग त्याच ठिपक्यातून निघालेला दुसरा किरण, मग तिसरा. ते सगळे एका जागी पडले तर ठिपका ठिपका राहतो. विखुरले तर गावाच्या नावाचा डाग होतो. काचांमधलं अंतर थोडं बदललं की सगळे किरण पुन्हा पहिल्यापासून चालवायचे. आज तुमच्या खिशातल्या यंत्राला हे डोळ्याची पापणी लवेपर्यंत जमेल. मला दिवस लागायचे. पण त्यामुळे प्रत्येक किरण माझ्या ओळखीचा झाला होता. कुठला कुठे अडखळतो ते मला ठाऊक होतं.

डॉक्टरांचं मत असं की काचाच नव्यानं घासायला हव्यात. पण तशी काच परदेशातून यायची, आणि तोवर कात्री थांबणार नव्हती. साहेबांनी निरोप धाडला होता: नकाशे हलवायची तारीख ठरली आहे. म्हणून डॉक्टरांनी दुसरा मार्ग धरला. काचा त्याच, फक्त त्यांच्यामधली पितळी कडी बदलायची. पुढच्या दोन काचांमधली कडी थोडी जाड, मागच्या दोन काचांमधली थोडी पातळ. मी किरण चालवले. सुधारणा दिसत होती, पण लहानशी. डॉक्टर म्हणाले, "लहान तर लहान. करून पाहू."

त्यांनी आकृती काढून दिली. उस्तादांनी दोन्ही कड्या कातल्या, भिंग जुळवलं, आम्ही दालनात जाऊन प्लेट घेतली. धुऊन उजेडाकडे धरली, आणि डॉक्टरांच्या तोंडून "अय्यो" एवढंच निघालं. मधला भाग पूर्वीइतकाच स्वच्छ होता. कोपरे मात्र ओळखूही येऊ नयेत इतके वाईट. आधी निदान गावांची नावं होती, आता नदी कुठली आणि रस्ता कुठला तेही कळेना.

मराठवाड्याच्या सर्व्हेअरांनी प्लेट पाहिली आणि ते हळूच म्हणाले, "पटवारीसाब, आपलं भांडण मिटलं. गावंच राहिली नाहीत."

दुसरे हसले नाहीत. त्यांनी खिळ्यावरच्या कात्रीकडे पाहिलं.

आम्ही टांग्यानं परतलो. कारखान्यात आल्यावर डॉक्टर म्हणाले, "अम्मा, कडी बदलून काही होत नसतं. पुस्तकात तेच लिहिलंय, मीच हट्ट केला. उद्या साहेबांना सांगून टाकतो, आमच्याकडून होत नाही."

मी म्हटलं, "सर, आकडे सांगत होते की थोडं सुधारेल. ते खूप बिघडलं. का बिघडलं ते कळेपर्यंत तुम्ही काही सांगू नका."

"आकडे चुकले असतील."

"असतील तर मी शोधते. पण आधी मी शोधते, मग तुम्ही सांगा."

मी असं कधी त्यांच्याशी बोलले नव्हते. ते म्हणाले, बरं.

मी सगळे किरण पहिल्यापासून चालवले. जुन्या कागदांकडे न पाहता, जणू दुसऱ्याच कुणाचं काम तपासते आहे अशी. आकडे तेच आले. घरी आईनं विचारलं, "झालं का तुझं भिंग?" तिला उत्तर द्यायचंही राहिलं. वडिलांचं पत्र आलं होतं, घर मिळालंय, दोघी कधी येता? आईनं ते माझ्या ताटाशेजारी ठेवलं. तिला काय हवंय ते मला कळत होतं. पण त्या नकाशांतला एक आमचं घराणं मूळचं जिथलं, त्या आमच्याच तालुक्याचा होता, आणि त्याच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात तिच्या माहेरच्या गावाची विहीर निळ्या ठिपक्यानं दाखवलेली होती. तो कोपरा मला पाठ होता. त्या नकाशाला मधून कात्री लागलेली मला बघायची नव्हती.

आकडे बरोबर होते, तर मग भिंगात काहीतरी वेगळं होतं. मी उस्तादांच्या बाकाशी गेले.

"उस्ताद, भिंग उघडून पुन्हा जुळवता का? मला बघायचंय."

"कायकू बीबी? मैं तो जैसा कागज पे था वैसाइच बिठाया."

"बघते नुसती."

त्यांनी आकृती बाकावर पसरली, चष्मा चढवला आणि पहिली काच उचलली. मग त्यांचं बोट आकृतीवर गेलं. उजव्या टोकाला. तिथून डावीकडे सरकत त्यांनी काच, कडी, काच असं जुळवायला सुरुवात केली.

मी विचारलं, "उस्ताद, या चित्रात उजेड कुठून येतो?"

"सीधे हाथ से." त्यांना माझा प्रश्नच विचित्र वाटला. "कागज सीधे हाथ से शुरू नईं होता तो कहाँ से होता?"

बरोबरच होतं. ते आयुष्यभर उर्दू वाचत आले होते. कागद उजवीकडून सुरू होतो. डॉक्टर इंग्रजी पुस्तकांतून शिकले होते, मीही. आमच्या पुस्तकांत उजेड नेहमी डावीकडून येतो, इतका नेहमी की तो कुठून येतो हे बाणानं दाखवायचं कुणाला सुचतच नाही. आणि हे भिंग पुढून-मागून जवळजवळ सारखंच, दोन वाट्या इकडे, दोन तिकडे. पूर्वीच्या कामांत कडी दोन्हीकडे एकाच जाडीची असायची, त्यामुळे कधी काही बिघडलं नव्हतं. या वेळी जाड कडी पुढे हवी होती ती मागे बसली, आणि पातळ मागे हवी होती ती पुढे.

डॉक्टरांना हाक मारली. त्यांनी पाहिलं, कपाळावर हात मारला, आणि तिघंही हसत सुटलो. उस्ताद सगळ्यांत जास्त. "साब, आपका उजाला इंग्लिस्तान से आता, हमारा मक्के से आता. मिलते कैसे?"

कड्यांची अदलाबदल करून भिंग सरळ जुळवलं. दालनात जाऊन प्लेट घेतली. आकडे सांगत होते तेवढीच, लहानशी सुधारणा. कोपऱ्यातली नावं वाचता येत होती, पण अंदाजानं. तेलंगणाचे सर्व्हेअर बहिर्गोल काच डोळ्याला लावून बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "ये नाला है क्या रस्ता? इसपे दस्तखत नक्को."

"म्हणजे मी म्हटलं तेच," डॉक्टर म्हणाले. "कडी बदलून थोडंच होतं."

पण माझ्या डोक्यातून ती आधीची वाईट प्लेट जाईना. कड्यांनी काही होत नसतं, तर उलट्या कड्यांनी एवढा विध्वंस कसा झाला? आणि मधला भाग जसाच्या तसा राहून फक्त कोपरेच कसे गेले? जी गोष्ट एवढं बिघडवू शकते, तिच्या हातात ताकद आहे. ती आमच्या बाजूनं का लागत नाही, एवढंच बघायचं होतं.

मी उलटं भिंग खरं धरून किरण चालवले. आलेले आकडे त्या वाईट प्लेटशी जुळले. मग मी डॉक्टरांनी एकत्र बांधलेले दोन बदल सोडवले. फक्त पुढची कडी बदलून पाहिलं: जाड करा की पातळ, कोपरे बिघडतातच. फक्त मागची कडी पातळ करून पाहिलं: कोपरे सुधारतात, आणि चांगलेच सुधारतात. दोन्ही एकदम केल्यावर एक जेवढं चांगलं करत होती, त्यातलं बरंचसं दुसरी खाऊन टाकत होती. उरत होती ती फक्त लहानशी सुधारणा.

डॉक्टरांनी कागद दोनदा पाहिले. "पण अम्मा, पुढची कडी मी उगाच नाही वाढवली. नुसती मागची पातळ केली तर लांबचं दिसायचं बिघडेल."

"लांबचं कुणाला बघायचंय सर? समोर भिंत आहे."

त्यांनी कागद खाली ठेवले. मग म्हणाले, "सगळे नकाशे एका मापाचे नाहीत. कॅमेरा प्रत्येकाला वेगळ्या अंतरावर लागेल. एका अंतराला बसवलेली कडी दुसऱ्याला चालणार नाही."

"मग कडी नकोच. मागची काच हलती ठेवू. जेवढं जवळ जायचं, तेवढी ती पुढे सरकली पाहिजे."

त्या काळी असं भिंग आम्ही तिघांनीही पाहिलेलं नव्हतं. भिंग म्हणजे घट्ट बसवलेलं. पुढेमागे करायचं तर सगळं एकदम. त्याच्या पोटातली एक काच वेगळी चालवायची, हे डॉक्टरांना जरा अधर्मासारखं वाटलं. उस्तादांना नाही वाटलं. त्यांनी विचारलं, पूर्ण भिंग एवढं सरकलं की मागची काच किती सरकायला हवी? मी वेगवेगळ्या अंतरांना किरण चालवून ते काढून दिलं. त्यांनी नळीत एक आत एक असे दोन आटे पाडले, एक मोठा, एक बारीक. बाहेरचं कडं फिरवलं की सगळं भिंग पुढे जायचं, आणि मागची काच आपल्या चालीनं त्याहून थोडी जास्त पुढे. दोन वेळा आटा अडकला, एकदा नळीच वाया गेली. ते ती भट्टीत टाकत म्हणाले, "नखरा करती. करने दो." आणि पुन्हा कातायला बसले.

आकृती या वेळी मी काढली. तिच्यावर एक मोठा बाण काढला आणि उस्तादांकडून त्याच्याखाली उर्दूत "उजाला" असं लिहून घेतलं. पुढे मी काढलेल्या प्रत्येक आकृतीवर तो बाण राहिला. तरुण इंजिनियर विचारत, बाई, हे सगळ्यांना माहीतच असतं, कशाला काढता? मी काढत राहिले.

शेवटच्या दिवशी आम्ही दालनात गेलो तेव्हा साहेब स्वतः आले होते. बाहेर खोकी बांधून तयार होती. कात्री खिळ्यावरून काढून टेबलावर ठेवलेली होती, आणि टेबलावर आमच्याच तालुक्याचा नकाशा पसरलेला, त्यावर पेन्सिलीनं सीमेची रेघ आखलेली. साहेब म्हणाले, "एक प्लेट. मला दुपारच्या गाडीनं सामान पाठवायचंय."

नकाशा भिंतीवर टांगला. उस्तादांनी कडं फिरवून कॅमेरा जुळवला. डॉक्टरांनी प्लेट बसवली. नेमक्या त्या वेळी स्टेशनातून इंजिनाची शिटी आली.

"ठहरो," तेलंगणाचे सर्व्हेअर म्हणाले. ते खिडकीशी गेले आणि हात वर करून उभे राहिले. डब्यांना धक्का बसल्याचा आवाज आला, जमीन थरथरली, थांबली. त्यांनी हात खाली केला. डॉक्टरांनी झाकण काढलं, मनात मोजलं, झाकण लावलं. छिद्र मोठं होतं, त्यामुळे पुढच्या धक्क्याच्या आत झालं.

प्लेट धुवायला शेजारची कोठडी काळी करून घेतली होती. डॉक्टर आत गेले. बाहेर साहेब घड्याळ बघत होते. दोघं सर्व्हेअर, इतक्या दिवसांत पहिल्यांदा, एकाच बाकावर बसले होते.

डॉक्टर ओली प्लेट घेऊन बाहेर आले, आणि त्यांनी ती माझ्या हातात दिली. त्यांनी स्वतः ती आधी पाहिली होती की नाही, ते मला आजही माहीत नाही. मी खिडकीशी जाऊन बहिर्गोल काच डोळ्याला लावली. मध्य सोडून दिला. खालच्या कोपऱ्यात गेले. फोटोच्या काचेवर सगळं काळ्याचं पांढरं असतं. तिथे विहिरीचा तो ठिपका होता, कडा स्वच्छ, आणि शेजारी आईच्या गावाचं नाव, प्रत्येक अक्षर सुटं.

मी प्लेट मराठवाड्याच्या सर्व्हेअरांकडे दिली. त्यांनी चारही कोपरे बघितले आणि ती दुसऱ्यांकडे दिली. तेलंगणाचे बघत राहिले, खूप वेळ बघत राहिले. मग त्यांनी विचारलं, "वो नाला..."

"नाला," मराठवाड्याचे म्हणाले. "रस्ता त्याच्या वर. पूल दिसतोय बघा."

"हौ. पूल दिखरा."

त्यांनी खिशातून पेन काढलं. साहेबांनी टेबलावरची कात्री उचलून खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली, जागा व्हावी म्हणून, आणि दोघांनी साक्षांकनाच्या कागदावर सह्या केल्या.

त्यानंतर सीमेवरच्या सगळ्या तालुक्यांच्या प्लेटा आम्ही त्याच भिंगानं घेतल्या. सामान दुपारच्या गाडीनं गेलं नाही, नंतर गेलं. पण अख्खं गेलं. आमच्या तालुक्याचा अस्सल नकाशा मराठवाड्याला मिळाला, नक्कल इथे राहिली. दुसऱ्या एका तालुक्याचं याच्या उलट झालं. कुठला कुणाला यावरून दोघांनी डबा खाताखाता तोडगा काढला होता, साहेबांना न विचारता.

आई वडिलांकडे गेली. मी गेले नाही. डॉक्टरांकडे दुसऱ्या शहरांतून जवळून रुंद बघणाऱ्या भिंगांची कामं येऊ लागली होती, आणि किरण चालवणारी मी एकटीच होते. आई गाडीत बसताना म्हणाली, "त्या भिंगाला दिसायला लागलं, आता तूही कधी जवळचं बघ. जेवण वेळेवर कर." मी हो म्हटलं.

शेवटची खोकी बांधून झाली त्या दिवशी मी दालनात होते. दोन्ही कुलपांच्या किल्ल्या आता एकाच जुडग्यात होत्या. मराठवाड्याच्या सर्व्हेअरांना खोक्याची उरलेली दोरी कापायची होती. त्यांनी खिडकीतली ती काळ्या मुठीची कात्री घेतली.

"संभाल के रावसाब," दुसरे ओरडले. "अंदर नक्शा है."

"माहितीय," ते म्हणाले. आणि त्यांनी कात्री नकाशापासून लांब, हातभर दूर धरून, दोरीचं टोक कापलं.